मंदाच्या मापाचा ओटा

आमच्या घरात कोण कोणाला मारतंय हे अंगणात बसून नुसत्या आवाजावरून सांगता यायचं. आबांचा हात पडला की ओली फळी जमिनीवर आपटावी तसा आवाज यायचा. माय मारायची ती हातात असेल त्या वस्तूनं, म्हणजे कधी उलथनं, कधी फुंकणी, आणि तिचा आवाज नेहमी शिवीच्या मागून यायचा. देवपुरात पांझरेच्या काठाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या अर्ध्या भागात सुतारकाम चालायचं, मागच्या अर्ध्यात आम्ही राहायचो. मध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. त्यामुळे भाकरीत भुसा आणि भुशात भाकरीचा वास, हे माझं लहानपण. करवतीची खरखर, रंध्याची सळसळ, बत्त्यानं ठेचा कुटण्याचा आवाज, आणि या सगळ्यांत मधूनच तो ओल्या फळीचा आवाज.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांना आबा मिस्त्री म्हणत. आज लोक त्यांचं नाव हात जोडून घेतात. मागे जळगावात आमच्या समाजाचा मेळावा झाला, तेव्हा एका वक्त्यानं व्यासपीठावरून त्यांची गोष्ट सांगितली. एका लेकीच्या अपमानासाठी या सुतारानं घडवलेला ओटा स्वतःच्या हातानं फोडला, आणि शेठच्या गुंडांनी त्याच्या तरण्या पोराचा कान फोडला तरी तो मागे हटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो कान फुटलेला पोरगा पहिल्या रांगेत बसला होता, केस पिकलेला, आणि त्यानं टाळी वाजवली नाही. ज्यांना आबांची आरतीच ऐकायची असेल त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं.

आबांचा देव हत्यारात होता. सकाळी आंघोळ करून ते करवत, वाकस, पटाशी, रंधा ओळीनं मांडायचे, प्रत्येकाला हळद-कुंकू लावायचे, मगच तोंडात पाणी. हत्यार ओलांडलं की मार. करवत चालू असताना बोललं की मार. लाकडाला शिवी दिली की दुप्पट मार, कारण आबांच्या मते माणसाला शिवी चालते, लाकडाला नाही. पण त्यांचा सगळ्यात मोठा नेम होता स्वयंपाकघराच्या कामाचा. तेव्हा गावोगाव गॅस यायला लागला होता. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे बसून रांधणाऱ्या बायका पहिल्यांदा उभ्या राहून स्वयंपाक करणार होत्या. इतर सुतार एकच उंची धरून सगळीकडे ओटे ठोकत सुटले. आबा तसं करत नसत. ते त्या दिवशी उपास धरायचे, घरच्या बाईला अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचे, तिला हवेत भाकरी थापायला लावायचे, आणि बांबूच्या काठीवर कुंकवानं रेघा ओढायचे. एक रेघ कोपराची, एक खांद्याची, एक वर केलेल्या हाताची. “अन्नपूर्णा काय देव्हारामा बसस?” ते म्हणायचे. “ती बाईना कोपरमा बसस.” ओट्याचा दगड कोपराच्या चार बोटं खाली, वरची फळी हात पोचेल तिथंच, आणि काम पुरं झालं की ती काठी मागच्या फळीला आतून बांधून टाकायची, कोणाला न दिसेल अशी. ओटा बसल्यावर जिचं माप तिनंच पहिली भाकरी थापायची. त्याआधी कोणी त्यावर पेला जरी ठेवला तरी आबा तो पेला बाहेर फेकत.

मी यातलं निम्मं मानायचो. बाईच्या अंगाचं माप घेतलं की ओटा चांगला होतो, हे मला पटत होतं. आजही माझ्या कारखान्यात गिऱ्हाईक कॉम्प्युटरवर चित्र बघून खूश होतं, पण मी घरच्या बाईला उभं केल्याशिवाय फळी कापू देत नाही. देव कोपरात बसतो की खांद्यात, ते मला माहीत नाही. कंबर दुखते ते माहीत आहे. मला आबांकडून देव नको होता. मला हवं होतं की त्यांनी एकदा, चारचौघांत, म्हणावं की हे काम जगननं केलं. जगन म्हणजे मी. मिसरूड फुटल्यापासून मी त्यांच्या बरोबरीनं कामाला होतो. सांधे माझे, नाव त्यांचं. लाकूड घासाघीस करून मी आणायचो. भावात मी आबांचा बाप होतो. जुन्या बाजारात व्यापारी मला लांबून बघूनच म्हणायचे, “उना रे उना, माल झाका.” पण गिऱ्हाईकानं कौतुक केलं की आबा म्हणत, “देवनी दया,” आणि मी भुसा झाडत बसायचो.

फैजपूरचं काम आलं ते माझ्या तोंडामुळे. पुंडलिकशेठ केळीचे व्यापारी. नवा बंगला बांधला होता. त्यांच्या भाचीच्या घरचा आमचा ओटा त्यांनी पाहिला होता. मी त्यांच्याशी बोलणी केली आणि एक अट घातली, की काम पसंत पडलं तर भावकीतल्या सगळ्या नव्या बंगल्यांना शेठनी माझं नाव सांगायचं. आबांचं नाही, माझं. शेठ मिशीत हसले. “पहिले काम तं पाहू दे बापा. बापाच्या आधी पोऱ्याच भाव ठरोतो हा!” परतताना बसमध्ये मी आबांना सांगितलं की हा ओटा मी एकटा करणार. मला वाटलं तिथंच कानाखाली बसते. आबा खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिले आणि म्हणाले, “कर. माप मी लिसू.”

माप दिलं ते शेठच्या सुनेनं, मंदानं. पहूरची मुलगी, बुटकी, सावळी, बोलायला धीट. आबांनी हात वर करायला सांगितला तर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. “काय व्हयनं?” आबांनी विचारलं. ती म्हणाली, “पडली व्हती.” सासू दारात उभी होती. आबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी वरची रेघ तिचा हात जिथवर गेला तिथंच ओढली, आणि मला हळूच म्हणाले, “फळी खालीच ठेवजो.” मंदा जाताना मला म्हणाली, “भाऊ, मिठाचा कप्पा डाव्या हाताले करजो. मी डाव्या हातानं मीठ घालते, सासूले नाही आवडत.” मी तसा केला.

त्या ओट्याचं वर्णन करायला लागलो तर मला थांबता येणार नाही. जुना सागवान, तेल प्यायल्यासारखा. खणांचे सांधे एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे, एकही खिळा नाही. खण ओढला की आवाज नाही, सोडला की शेवटच्या दोन बोटांत आपोआप मंद व्हायचा. त्यासाठी आज परदेशी पट्ट्या येतात, मी तो उतार रंध्यानं काढला होता. पटाशीनं तळहात फाटला तर चिंधी बांधून काम केलं. एक दिवस आबा आले, मिठाच्या कप्प्यावरून पालथा हात फिरवला, आणि गेले. त्या संध्याकाळी माय कळण्याची भाकरी वाढताना म्हणाली, “आज तुना बापनी कोणले हात लावा नही. ओटा चांगला व्हयना दिसस.” आमच्या घरात कौतुक असं मोजलं जायचं.

टेम्पोत घालून ओटा फैजपूरला नेला. दिवसभर खपून जोडला, वर कडाप्पा बसवला, मागं आतून काठी बांधली. शेठ, त्यांची बायको, केळीच्या वखारीतली माणसं, सगळे दारात दाटीनं उभे होते. शेठनी खण ओढून पाहिला, सोडला, पुन्हा ओढला. लहान पोरासारखे हसले. “जगन,” ते म्हणाले, आबा नाही, जगन, “मानलं बापा तुले.” मी आयुष्यात त्याच्याइतकं गोड वाक्य ऐकलं नव्हतं, आणि दोन्ही कानांनी ऐकलेलं ते शेवटचंच गोड वाक्य.

आबांनी पिठाची परात मागितली. “बोलाव बाईले,” ते म्हणाले. आतून जी आली ती मंदा नव्हती. उंच, गोरी, हातभर हिरवा चुडा, नवी कोरी. ती ओट्याशी उभी राहिली आणि परातीत हात घालायला तिला वाकावं लागलं. ते वाकणं आबांनी आणि मी एकदमच पाहिलं.

“हाई कोण?” आबांनी विचारलं.

“आमची सून,” शेठच्या बायकोनं सांगितलं.

“मंदा कोठे शे?”

“तिले तिच्या माहेरी पाठोलं. लेकरू नाही, बाळू नाही. तुमाले काय करनं तिचं?”

शेठ गडबडीनं म्हणाले, “मिस्त्री, वटा दोन बोटं उचलून द्या, झालं. त्यात काय एवढं!” आणि मी म्हणालो, “देतो ना शेठ. खाली लाकडाच्या पट्ट्या ठोकतो, तासाभराचं काम.” मी खरंच तासाभरात केलं असतं. माझी नजर पट्ट्या शोधायलाही लागली होती.

“काढ बठ्ठं,” आबा मला म्हणाले.

“नाही काढणार.”

“जगन, ज्या बाईनं माप मी लिधं, ती जित्ती शे. तिनं अंग या ओटामा शे. दुसरीले कसं देवाय? काढ.”

“तुमी माप घेतलं. ओटा माझा आहे.”

आबांनी पिशवीतून कुऱ्हाड काढली. मला वाटलं भीती दाखवतायत. पहिला घाव मिठाच्या कप्प्यावर बसला. सागवान किंचाळतं, हे लाकडात न राहिलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. दुसऱ्या घावाला वरचा कडाप्पा तडकला आणि त्याचा तुकडा त्या नव्या मुलीच्या पायावर पडला. ती पिठाचे हात तसेच वर धरून “आई, आई” करत भिंतीला चिकटली. मी आबांच्या अंगावर झेपावलो आणि कुऱ्हाडीचा हात धरला. मी तरणा होतो, माझ्या अंगात त्यांच्याहून ताकद होती, आणि त्या क्षणी मी त्यांचा हात मोडलासुद्धा असता. त्यांनी हिसडा दिला, हात सुटला, आणि कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू माझ्या डाव्या कानावर आली. चुकून लागली असं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मारलं. त्यांचे डोळे मी पाहिले आहेत. खोक्याला खिळा मारताना माणूस ज्या डोळ्यांनी बघतो, ते डोळे.

मग वखारीची माणसं आत शिरली. आबांना केसांना धरून अंगणात ओढलं, लाथांनी, काठ्यांनी तुडवलं. त्यांचे पुढचे दात तिथंच पडले. रक्त थुंकत ते एकच वाक्य म्हणत होते, “जिनं माप, तिनाच ओटा.” मला कोणी हात लावला नाही. मी ओट्याच्या चिरफळ्यांत बसलो होतो, मानेवरून गरम रक्त वाहत होतं, आणि सगळा आरडाओरडा एकाच बाजूनं ऐकू येत होता. शेवटी शेठनंच आम्हाला हत्यारांसकट टेम्पोत टाकायला लावलं. तापीचा पूल ओलांडल्यावर आबांनी गाडी थांबवायला सांगितली. कुऱ्हाड धुतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पिशवीतल्या कुंकवाचं बोट तिला लावलं. मग तोच ओला सोगा माझ्या कानाला लावायला आले. आधी कुऱ्हाड, मग मी. हा क्रम मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरनं सांगितलं, पडदा गेला, या कानानं आता ऐकू येणार नाही. माय ते ऐकून घरी आली आणि तिनं भाताचं पातेलं सगळ्या ताकदीनं आबांच्या छातीवर फेकलं. “देव बाईना कोपरमा बसस ना? मंग मना पोरना कानमा कोण बसस, सांग!” आबा भात झटकत उठले आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले.

पण गोष्ट गावोगाव झाली. धुळ्यात, शिरपुरात, पार चाळीसगावापर्यंत. बायकांनी ती डोक्यावर घेतली. ज्या घरात सुनेला विचारत नव्हते त्या घरातल्या सुना नवऱ्याला म्हणायला लागल्या, ओटा करायचा तर आबा मिस्त्रीकडूनच. माझ्या सागवानानं जे झालं नसतं ते त्याच्या चिरफळ्यांनी झालं. आता बायका मापासाठी आमच्याच घरी यायच्या, भिंतीला टेकून रांगेनं बसायच्या. आणि माझा कान? तो शेठच्या गुंडांनी फोडला. कोणी पहिल्यांदा म्हटलं माहीत नाही. आबांनी म्हटलं नाही. आबांनी नाहीही म्हटलं नाही. बायका माझ्याकडे बघून चकचक करायच्या, “दुष्ट मेले,” म्हणायच्या, आणि आबा शेजारी बसून करवतीला कानस मारत राहायचे.

थंडी पडली होती. दुपारी देवपुरातल्याच एक शिक्षिकाबाई मापाला आल्या होत्या, भिंतीला टेकून, चपला काढून, हात कोपरात दुमडून उभ्या. आबा काठी हातात घेणार एवढ्यात दारात मंदा आली. मागं तिचा भाऊ, खाली मान घातलेला.

“आबा मिस्त्री तुमीच ना?” तिनं विचारलं. “मले वयखलं का?”

आबा उठले. त्यांनी चक्क हात जोडले. “ये पोरी. बस.”

“बसाले नाही आली. कोनाले इचारून तोडला तुमी माह्या वटा?”

आबांना कळलं नाही. “पोरी, तुना ठिकाणे दुसरी उभी कई त्यासनी. तुना अपमान…”

“माह्या अपमान माह्या व्हता! तुमाले कोनं सांगितलं त्याले हात लावाले?” तिचा आवाज चिरकला. “ह्या माह्या भावानं त्यायचे पाय धरले व्हते. पंच बसले व्हते. मले परत घ्याले तयार झाले व्हते. दोघी राह्यलो असतो. मी त्याच वट्यावर रांधलं असतं. तुमी कुऱ्हाड घातली, तं त्यायले वाटलं मीच पाठोलं तुमाले. दार लावून घेतलं. आता इकडे भावजय ताट आपटते. देवमानूस म्हन्तात तुमाले सगळे. मले तुमच्या देवानं काय देलं?”

दोघी राह्यलो असतो, हे वाक्य आजच्या शिकलेल्या मुलींना आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण ते तिचं गणित होतं, आणि ते तिला कोणी विचारलं नव्हतं. माझं गणितही कोणी विचारलं नव्हतं.

आबा म्हणाले, “पोरी, मी तुले नवा ओटा करी देस. फुकट.”

“कुठीसा ठेवू?” मंदा म्हणाली. “डोक्यावर?”

लाकूड कापायच्या घोडीवर लाकडी मोगरी पडली होती. ती तिनं डाव्या हातानं उचलली आणि आबांच्या जोडलेल्या हातांवर मारली. हाड वाजलं ते माझ्या चांगल्या कानानं मी ऐकलं. भाऊ पुढे धावला तर तिनं त्यालाही कोपरानं ढकललं. आबांनी हात मागे घेतले नाहीत. तिनं पुन्हा मोगरी उगारली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती भुशात टाकून दिली. पडद्यामागून माय पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मंदानं पाणी घेतलं नाही. ती गेली तेव्हा चप्पल घालतानाही रडत नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्या घरात त्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच सरळ विचारलं होतं.

मला वाटलं, आता आबा काहीतरी बोलतील. ते खाली बसले, काठी उचलली, कुंकवाची वाटी जवळ ओढली आणि त्या शिक्षिकाबाईंना म्हणाले, “कोपर नीट धरा बाई.” जणू दारात कोणी आलंच नव्हतं. पण उजवं मनगट सुजून वर आलं होतं. पहिली रेघ वाकडी गेली. त्यांनी काठी टाकली, दुसरी घेतली. बोटं कुंकवात बुडवली तर वाटीच कलंडली, कुंकू बाईंच्या पायावर सांडलं. मग त्यांनी काठी माझ्यापुढे धरली. एवढ्या वर्षांत कुंकवाच्या काठीला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता.

“तू वढ,” ते म्हणाले.

मी काठी घेतली नाही. “ओढतो,” मी म्हणालो. “भाव आधी ठरवू. या बाईंच्या समोर सांगा, माझा कान कोणी फोडला. सांगा, आणि आयुष्यभर तुमच्या रेघा ओढतो.”

आबांनी वर पाहिलं. पुढचे दात नव्हते, त्यामुळे तोंड उघडलं की ते म्हातारे दिसायचे. तोंड उघडलं. मी चांगला कान त्यांच्याकडे केला. पडद्यामागं मायनं भांडी थांबवली. आबांनी तोंड मिटलं आणि काठी डाव्या हातात घेतली.

“आबा, मी हलू का?” भिंतीला टेकलेल्या बाईंनी विचारलं.

 मी माझा रंधा आणि पटाशी तेवढी उचलली, हत्यारांची ओळ सरळ ओलांडून दाराशी आलो, आणि मागून ओल्या फळीचा आवाज येतो का याची वाट बघत जरा उभा राहिलो. आला नाही. मग चपला घालून जळगावच्या गाडीला गेलो.